पूर्वेकडची कोरी जागा

पुस्तक आलं तेव्हा इडेला बी पाखडत बसली होती. घरापुढच्या फांद्यांच्या मांडवात सकाळपासून दोघी होत्या, ती आणि तिची वहिनी रोवेना. रोवेना दगडावर ओकची बी फोडून टरफलं बाजूला सारी. इडेला टोपली हलकेच उडवून कोंडा वाऱ्यावर सोडी. यंदा बी बारीक होती, पण पठारावरची होती. पठारावरची बी तशीच खाता येते, ती कडू निघत नाही. तिचं मूठभर पीठ रश्श्यात पडलं की शेजारचे काहीतरी निमित्त काढून डोकावतात.

हारलनची गाडी धूळ उडवत आली आणि मांडवाशी थांबली. मागच्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी होती.

"आले चित्रकार," रोवेना म्हणाली. "आता उठून उभं राहायचं, का बसल्या बसल्या मान वाकवली तरी चालेल?"

"बसूनच राहा, मामी. तू उठताना खांबाला धरतेस, मग मांडव आम्हाला बांधावा लागतो."

हारलन पन्नाशीचा होता. इडेलाच्या बहिणीचा मुलगा. त्याच्या आईचं नाव घरात कोणी घेत नसे. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं की ते मागे वळून बघतं, आणि त्याने तर पुढे जायचं असतं. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. माय मरो पण मावशी उरो म्हणतात, तशी इडेला उरली होती. शाळेच्या वहीच्या मागे तो घोडे काढायचा, त्या वह्या तिने अजून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या.

त्याने खोकं उघडलं आणि पहिली प्रत तिच्या मांडीवर ठेवली. मोठं, जाड पानांचं पुस्तक. मुखपृष्ठावर पठार होतं, ओकची झाडं होती, आणि झाडांखाली पाठमोरी एक म्हातारी. पाठीवरून इडेलाने स्वतःला ओळखलं.

"मी एवढी वाकले?"

"चित्रात जरा सरळच काढलंय," रोवेना म्हणाली.

या पुस्तकासाठी ते लिहिणाऱ्या मेरिडिथबाई दोन वर्षं शहरातून येत-जात होत्या. मांडवात बसायच्या, बी फोडायला घेऊन बोटं ठेचून घ्यायच्या, आणि सगळं विचारायच्या. त्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की रोवेना त्यांची नक्कल करी. पाहुण्यांची नक्कल केल्याशिवाय इथे पाहुणचार पुरा होत नाही. "अय्या, किती सुंदर टोपली! आणि हे सांगताना तुम्हाला आतून कसं वाटतंय, रोवेना? सांगा ना. नाही वाटत? मग जरा वाटून घ्या!" हारलन हसून लोळायचा.

पठाराखाली तांबं होतं. कंपनी वरून खणणार नव्हती. ती खालून पोखरणार होती, आणि मग पठार आपोआप खाली बसणार होतं. "दाढ काढली की गाल बसतो तसं," रोवेनाने एकदा सांगितलं होतं, आणि त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं. इथल्या मुली वयात आल्या की चार दिवस त्या पठारावर नाचत आल्या होत्या. इडेला नाचली होती, तिच्या मुली आणि नाती नाचल्या होत्या. हे सगळं शाळाशाळांतल्या पोरांना चित्रांसकट समजलं तर कदाचित कुणाला काही वाटेल, असं हारलन म्हणाला. म्हणून इडेलाने तोंड उघडलं. झरे सांगितले, जागांची नावं सांगितली, कुठल्या झाडाची बी गोड तेही सांगितलं.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही.

मेरिडिथबाईंनी तीनदा विचारलं होतं. पहिल्यांदा इथे मांडवात. दुसऱ्यांदा पठारावर, गाडीत बसल्या बसल्या. तिसऱ्यांदा निरोप घेताना, हात हातात घेऊन. "पूर्वेच्या कड्याखाली कोणाला पुरलंय का?" तिन्ही वेळा इडेला गप्प राहिली. गप्प राहणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे, हे इथलं लहान मूलही जाणतं. गेलेल्या माणसांबद्दल असं तोंडावर विचारलं तर गप्पच बसायचं असतं. मात्र कुणी चौथ्यांदा विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं. तीनदा विचारतो त्याला नुसती उत्सुकता असते, चौथ्यांदा विचारतो त्याला खरी गरज असते, असं तिची आजी सांगायची. मेरिडिथबाईंनी चौथ्यांदा विचारलं नाही. इडेलाच्या मनावरचं ओझं उतरलं होतं.

पूर्वेच्या कड्याखाली तिचा भाऊ होता.

ती सहा वर्षांची होती, तो चार. बी गोळा करायला सगळे पठारावर मुक्कामाला आले होते. त्याला ताप चढला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. आई आणि आजी त्याला घोंगडीत गुंडाळून कड्याकडे घेऊन गेल्या. एका कपारीत ठेवून त्यांनी तोंडाशी दगड रचले. परत आल्यावर झोपडी जाळली आणि त्याच दिवशी मुक्काम हलवला. त्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्याचं नाव कोणाच्या तोंडी आलं नव्हतं. आता ते नाव माहीत असलेली ती एकटीच उरली होती. दर उन्हाळ्यात ती पठारावर जाई, आणि पूर्वेकडे पाऊलही टाकत नसे. हारलन बारा वर्षांचा असताना खारीमागे तिकडे धावला, तेव्हा तिने कान धरून त्याला मागे आणलं होतं. "तिकडे माझं कोणीतरी आहे," एवढंच बोलली होती. त्याने पुन्हा विचारलं नव्हतं. शहाणा मुलगा, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

पुस्तकाचा नकाशा काढायची वेळ आली तेव्हा तोडगाही हारलननेच काढला. पूर्वेकडचा भाग कोरा ठेवायचा, तिथे झाडाची काडीसुद्धा काढायची नाही. खाली एक वाक्य घालायचं: 'हा भाग रिकामा दिसतो. तो रिकामा नाही. इथे काय आहे ते विचारू नये.' मेरिडिथबाईंनी ते वाक्य कागदावरून वाचून दाखवलं होतं. इडेलाने ते दोन्ही भाषांत ऐकलं होतं आणि मान हलवली होती. दोन वर्षांत ती एवढ्या एकाच गोष्टीला मुद्दाम हो म्हणाली होती.

ती पानं उलटत गेली. झरे आले. तिचे हात आले, दगडावर बी रगडणारे, नखांसकट हुबेहूब. मग नकाशा आला.

पूर्वेकडचा भाग कोरा होता. मात्र त्याच्या अलीकडून तुटक रेघ गेली होती, आणि रेघेवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पवित्र क्षेत्राची हद्द. कोरा भाग रेघेच्या बाहेर पडला होता. त्याखाली काही नव्हतं. इडेलाने पान उलटलं, परत आणलं, मागून पाहिलं. ती हळू वाचायची, पण तिला वाचता येत होतं.

"ते वाक्य कुठाय?"

हारलन दुसरं खोकं उतरवत होता. "कुठलं?"

"कुठलं ते तुला माहीत आहे."

त्याने खोकं खाली ठेवलं. "जागा कमी पडली, मावशी."

अर्धं पान कोरं होतं, आणि जागा कमी पडली होती. रोवेनाने दगड खाली ठेवला.

"नीट सांग," इडेला म्हणाली.

"हे खरी माहिती देणारं पुस्तक आहे. छापणारे म्हणाले, प्रत्येक गोष्टीला आधार लागतो. जे सांगता येत नाही ते छापता येत नाही. आणि 'विचारू नये' असं पोरांच्या पुस्तकात कसं लिहायचं?"

"आणि ही रेघ?"

"हद्द दाखवावी लागते म्हणाले."

"पठाराला हद्द असते?"

"नकाशाला असते."

"कोणी काढली?"

 रेघ त्याच्याच हातची होती. त्याच्या हाताचं वळण ती घोड्यांपासून ओळखत होती.

"तुला कधी कळलं हे?"

"मार्चमध्ये. पानं तपासायला आली होती."

"आता जुलै आहे."

"सही केली नसती तर सगळं पुस्तकच अडलं असतं. दोन वर्षं, मावशी. माझं नाव पहिल्यांदा कुठल्या पुस्तकावर आलंय." मग तो घाईघाईने म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत घालू म्हणाल्यात मेरिडिथबाई."

"चार महिने तू इथे जेवलास," रोवेना म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "याच मांडवात. ताट पुढे करून अजून वाढ म्हणालास."

इडेलाने पुस्तक मिटलं आणि टोपली पुन्हा मांडीवर घेतली. ती त्याला काही बोलली नाही. त्याला वाटलं, संपलं. तो इथलाच होता, तरी त्याला तसं वाटलं.

तीन आठवड्यांनी खाणीच्या गावात, शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. इडेला आणि रोवेना तिसऱ्या रांगेत बसल्या. हारलन भिंतीशी उभा होता. सरकारी खात्याचा एक माणूस टेबलामागे होता, शांत आणि सभ्य. कंपनीचा माणूसही सभ्यच होता. त्याच्या हातात पुस्तक होतं.

"या पुस्तकाबद्दल आम्हाला फार आदर आहे," तो म्हणाला. "आम्ही आमच्या ऑफिसातही ठेवलंय. तुमच्याच वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं, तुमच्याच माणसाने चितारलेलं." मागच्या पडद्यावर नकाशा उमटला. हारलनची रेघ पडद्यावर हातभर जाड दिसत होती. "या हद्दीच्या आत आम्ही सध्या काहीही करणार नाही. कामाचा रस्ता आणि पहिले सुरुंग पूर्वेच्या बाजूला. तुमच्याच नकाशाप्रमाणे ती मोकळी जमीन आहे."

"चांगलं पाहुणचाराचं फळ मिळालं," रोवेना पुटपुटली. "बोटं ठेचून घेत होत्या तेव्हाच शंका यायला हवी होती."

टेबलामागच्या माणसाने विचारलं, पूर्वेच्या भागाबद्दल कोणाला काही सांगायचंय का? हॉल गप्प राहिला. दोनशे माणसं होती, त्यातल्या निम्म्या घरांची कोणी ना कोणी माणसं त्या कड्यांच्या आसपास होती, आणि सगळे आपापल्या गुडघ्यांकडे पाहत होते. अनोळखी माणसांसमोर, माईकवर, गेलेल्यांबद्दल कोण बोलणार? त्या माणसाने थोडा वेळ वाट पाहिली. त्याच्या मानाने तो बराच वेळ थांबला. मग त्याने पेन उचललं. "हरकत नाही, अशी नोंद करतो."

तेव्हा हारलन भिंतीपासून पुढे आला. वाटेत त्याने माईक घेतला. तो इडेलासमोर उकिडवा बसला, लहानपणी बुटाचे बंद बांधून घ्यायला बसायचा तसा. त्याने बोट पडद्यावरच्या कोऱ्या जागेकडे केलं. इथे कोणी बोटाने दाखवत नाही, ओठ पुढे करून दाखवतात. हेही त्याला तिनेच शिकवलं होतं.

"मावशी, तिकडे कोणी आहे का?" त्याने त्यांच्या भाषेत विचारलं. माईकमधून तो आवाज छतापर्यंत गेला.

इडेला गप्प राहिली.

"मावशी, तिकडे कोणी आहे का?"

तो काय करतोय हे हॉलमध्ये हळूहळू सगळ्यांना उमगलं.  रोवेना त्याच्या खांद्याला धरून म्हणाली, "अरे मेल्या, इथे नको. घरी चल. घरी विचार."

"घरी विचारून यांच्या कागदावर येत नाही, मामी." त्याचे डोळे भरले होते. "मावशी, तिकडे कोणी आहे का?"

तीन झाले. इडेलाने त्याच्याकडे सरळ पाहिलं. थांब, असं ती डोळ्यांनी म्हणाली. एवढं स्पष्ट तिने आयुष्यात कोणाला काही सांगितलं नव्हतं. कागदावर गप्प राहून त्याने तिला फसवलं होतं, ते तिने गिळलं होतं. पण चौथ्यांदा विचारायची ही वाट तिने त्याला दाखवली होती. नऊ वर्षांच्या आईवेगळ्या पोराला, मांडीवर घेऊन, आजीची म्हणून. त्याच वाटेने तो आता दोनशे माणसं घेऊन आत येत होता.

त्याने ओठ ओले केले. चौथ्यांदा विचारलं.

"आहे," इडेला म्हणाली.

"कोण?"

"माझा भाऊ."

दुभाष्याने ते सांगितलं. टेबलामागच्या माणसाने पुढे झुकून आदराने विचारलं, "नाव? नोंदीसाठी लागतं." इडेलाने तोंड मिटलं. त्याने पुन्हा विचारलं, आणि मग तिच्याकडे बघून सोडून दिलं. हारलनला नाव माहीत नव्हतं. ते त्याला कधीच कळणार नव्हतं. माणसाने लिहिलं: एक बालक, नाव उपलब्ध नाही. लिहिता लिहिता वर पाहून तो म्हणाला, "आता आमच्या पथकाला खात्री करून घ्यावी लागेल. दगड हलवावे लागतील. अर्थात पूर्ण सन्मानाने. घरचं कोणी हजर राहू शकतं."

हारलनचा चेहरा उतरला. एवढा पुढचा विचार त्याने केला नव्हता.

परतताना हारलन दोघींच्या गाडीत बसला नाही, रोवेनाच्या भावाच्या गाडीने आला. चाळीस मैल गेल्यावर, घराच्या वळणावर रोवेना म्हणाली, "त्याने वाचवायला केलं ग."

"माहीत आहे," इडेला म्हणाली. "ते माहीत नसतं तर बरं झालं असतं."

पथक आलं त्या दिवशी हारलन गेला. दुसरं कोणी जाण्यासारखं नव्हतं. इडेलाने सकाळीच देवदाराच्या ओल्या फांद्या तोडून अंगणाच्या कडेला रचून ठेवल्या, राख चाळून वाडग्यात भरली, बादलीत पाणी काढलं. दुपार कलल्यावर त्याची गाडी आली. तिने हात वर करून त्याला अंगणाबाहेरच थांबवलं. फांद्या पेटवल्या. तो धुरात उभा राहिला, खोकला, वळला, पुन्हा उभा राहिला. तिने त्याच्या कपाळाला आणि छातीला राख लावली, हातांवर पाणी ओतलं. अंगावरचा शर्ट काढून जाळायला लावला. तो तापाने फणफणला असता तर जे केलं असतं ते सगळं तिने केलं, एकही गोष्ट न गाळता. रोवेना दारातून बघत होती. तिने आज एकही विनोद केला नाही.

मग ती मांडवात जाऊन बसली. तो जरा लांब, जमिनीवर बसला.

"खात्री झाली त्यांची," तो म्हणाला. "दगड परत लावले. मी मोजून लावायला लावले, जसेच्या तसे." त्याने बोटाने जमिनीवर रेघ ओढली. "रस्ता वळवणार आहेत. कपारीपासून शंभर फूट सोडणार. नवी रेघ आखलीय."

"आणि बाकीचं पठार?"

"बाकीचं..." त्याने मान हलवली. "पण शंभर फूट मिळाले, मावशी."

खालून पोखरल्यावर ते शंभर फूट कशावर उभे राहणार, हे तिने विचारलं नाही. त्यालाही ते कळत होतं.

"आत ना, घोंगडीची निळी किनार अजून..."

इडेलाने हात वर केला. तो गप्प झाला. तिच्या बोटांना तो रंग आठवला, आईच्या मागावरचा, आणि तिने बोटं मिटली. अठ्ठ्याहत्तर वर्षं जे कोणी पाहिलं नव्हतं ते आता याच्या डोळ्यांत होतं. धुराने ते निघणार नव्हतं, आणि चित्रकाराच्या डोळ्यांतलं तर कधीच निघत नाही.

मग तो म्हणाला, "मावशी, तू मला अजून आपला मानतेस ना?"

तिने टोपली उचलली. मूठभर बी घातली.

"मावशी, मानतेस ना?"

टोपली वर गेली, खाली आली. कोंडा वाऱ्यावर गेला. दारात रोवेनाने चौकट घट्ट धरली होती.

"मावशी." त्याचा आवाज फाटला. "मानतेस ना?"

तीन झाले. इडेलाचे हात थांबले. टोपली मांडीवर धरून ती बसून राहिली, त्याच्याकडे न बघता. तिच्याजवळ उत्तर तयार होतं, आणि चौथ्यांदा विचारलं गेलं की ते खोटं देता येणार नव्हतं.

हारलनने तोंड उघडलं. राखेने माखलेल्या कपाळावरून घाम ओघळत होता. मग त्याने तोंड मिटलं, उठला, आणि गाडीकडे चालत गेला. मागच्या बाजूला पुस्तकांची खोकी तशीच होती, धुळीने माखलेली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावरही रोवेनाने त्याची नक्कल केली नाही. ती आली, शेजारी बसली, आणि तिने फोडायचा दगड हातात घेतला.